गळाची मासेमारी : जागा महत्त्वाची की आमिषाचा रंग?

पावसाळा ओसरून तळी भरली म्हणजे खेडोपाडी गळ, दोरी आणि वेळूची काठी घेऊन पाळीवर बसणारी माणसे दिसू लागतात. शेतीच्या कामातून मिळालेली थोडी सवड सत्कारणी लागते आणि घरच्या कालवणाला मासा मिळतो, असा हा दुहेरी लाभ आहे. ज्या घरात डाळीलाही काटकसर करावी लागते, त्या घरी आठवड्यातून एकदा मिळणारा अर्धा किलो मासा ही लहान गोष्ट नव्हे.

अलीकडे तालुक्याच्या बाजारात लाल, पिवळी, हिरवी, चंदेरी अशी नाना रंगांची कृत्रिम आमिषे मिळू लागली आहेत. एका आमिषाची किंमत कित्येकदा अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतकी असते. लाल रंगाला मासा लागला नाही म्हणून पिवळे, पिवळ्यालाही लागला नाही म्हणून चंदेरी, असे करता करता हंगामाअखेर खिशाला खार लागतो आणि टोपली रिकामीच राहते. अशा वेळी शेतकरी ग्रामकार्यकर्त्यास विचारतो, “रंग कोणता घ्यावा?” या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. तो असा की, “गळ टाकला कोठे?” या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीस अधिक महत्त्व द्यावे व ते का, याचा विचार या पाठात केला आहे.

आमिष किती माशांच्या दृष्टीस पडते?

प्रथम एक साधा हिशेब करून पाहू. दहा हेक्टर विस्ताराच्या एका गावतलावाचे क्षेत्रफळ एक लाख चौरस मीटर होते. या तलावाचे पाणी थोडे गढूळ असून त्यात सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसते असे समजू. मग ढोबळ मानाने आमिषाच्या चारही बाजूंना ३० सेंटिमीटरच्या आत जो मासा येईल, त्यालाच ते दिसेल. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जेमतेम ०.२८ चौरस मीटर भरते. म्हणजेच एका वेळी आमिष तलावाच्या सुमारे साडेतीन लाखांतील एका भागालाच दिसत असते. पाणी फार निर्मळ असून दोन मीटरपर्यंत दिसत असले, तरीही हा वाटा सुमारे आठ हजारांतील एका भागाइतकाच होतो.

या हिशेबावरून मुद्दा स्पष्ट होतो. जो मासा पन्नास मीटर दूर आहे, त्याच्या दृष्टीने आमिष लाल असले काय आणि हिरवे असले काय, सारखेच. कारण ते त्याला मुळी दिसतच नाही. मासा आमिषाजवळ आला अथवा आमिष माशाजवळ गेले, तरच रंगाचा प्रश्न उपस्थित होतो. जागेची निवड ही पहिली पायरी होय आणि रंग ही त्यानंतरची. पहिली पायरी चुकली तर दुसरीचा उपयोग होत नाही.

मासे तलावात सारखे पसरलेले असते, तर जागेला एवढे महत्त्व आले नसते. परंतु ज्याप्रमाणे गावची जनावरे शिवारभर सारखी विखुरलेली नसतात, पाणवठा, सावली आणि चारा यांच्या आसपास जमतात, त्याचप्रमाणे मासेही ठराविक ठिकाणी जमतात. त्यांना तेथे आणणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत : प्राणवायू, अन्न आणि आसरा.

मासा कोठे राहतो?

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशास तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. हिरव्यागार पाण्याच्या लहान तळ्यात सूक्ष्म वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याच वनस्पती तो वापरतात. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असे समजू नये. ते गुदमरत आहेत. अशा वेळी कोणत्याही रंगाचे आमिष त्यांस मोहवू शकत नाही. तळे संवर्धनाचे असेल तर गळ बाजूस ठेवून ताजे पाणी सोडण्याची अथवा पंपाने पाणी उडवून हवा मिसळण्याची तजवीज करावी, हेच त्या वेळचे खरे काम.

खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालचे थंड पाणी तळाशी राहते. दोन्ही थर मिसळले नाहीत, तर तळच्या थरातील प्राणवायू कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात खर्च होऊन जातो. “खोल पाण्यात मोठा मासा” हा समज म्हणूनच सदा खरा ठरत नाही. प्राणवायूच नसेल तेथे मासाही नसतो.

अन्नाची गोष्ट जातीपरत्वे बदलते. आपल्या तलावांत सोडल्या जाणाऱ्या प्रमुख माशांपैकी कटला हा वरच्या थरात राहतो. त्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते व पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव हे त्याचे मुख्य खाद्य होय. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी राहून कुजलेले सेंद्रिय पदार्थ खातो. सायप्रिनसही तळचा चिखल उकरून खातो व त्यामुळे पाण्यावर बुडबुडे येतात. शिंगाळा तळाशी राहणारा मांसाहारी मासा असून त्याचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतर वाढतो. मरळ ही दबा धरून बसणारी शिकारी मासळी आहे. कमळ, शिंगाडा किंवा पाणकणीस यांच्या गर्दीत ती निश्चल राहते आणि जवळून जाणारा लहान मासा वा बेडूक झडप घालून पकडते.

यावरून दुसरा मुद्दा निघतो. जागा म्हणजे केवळ काठावरील ठिकाण नव्हे. खोलीही जागेचाच भाग आहे. ठिकाण बरोबर असूनही मृगळासाठी आमिष पाण्याच्या वरच्या थरात लोंबत ठेवले, तर जागा चुकलीच. तळाची खोली मोजून बूच दोरीवर वर वा खाली सरकवणे, ही रंग बदलण्यापेक्षा कितीतरी लाभदायक गोष्ट आहे आणि तिला पैसाही लागत नाही.

शिवाय रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे प्रामुख्याने शिकारी माशांसाठी बनवलेली असतात. मरळ किंवा महसीर त्यांवर झेप घेतील; परंतु ज्या गावतलावात रोहू, मृगळ व कटला हेच मासे सोडलेले आहेत, तेथे असे आमिष क्वचितच कामास येते. तेथे कणकेचा गोळा, भुईमुगाची पेंड, भाताचा कोंडा किंवा गांडूळ हीच आमिषे योग्य. तलावात कोणते मासे आहेत हे न विचारता आमिष विकत घेणे म्हणजे जमीन न पाहता बियाणे घेण्यासारखेच आहे.

तलावातील पाहण्याजोग्या जागा

(१) पाणी येण्याचे तोंड : ओढा किंवा पाट जेथे तलावास मिळतो, तेथे ताज्या पाण्याबरोबर किडे, अळ्या व पालापाचोळा येतो. नवे पाणी आले की मासे तिकडे वळतात.

(२) जुन्या ओढ्याचा पाट : तलाव बांधण्यापूर्वी तेथून वाहणाऱ्या ओढ्याचे पात्र आजही तळाशी असते. उथळ भागातून खोल भागात जाण्यासाठी मासे या पात्राचा व त्याच्या कडेचा वापर करतात.

(३) पाणवनस्पतींची कडा : गर्दीच्या आत गळ अडकतो, मोकळ्या पाण्यात आसरा नसतो. दोहोंच्या सीमेवर आमिष टाकणे हिताचे.

(४) वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ : पृष्ठभागावर तरंगणारे सूक्ष्म जीव वाऱ्याने बहुधा त्या काठाकडे ढकलले जातात व त्यांच्यामागून मासे येतात. समोरून वारा सोसत बसणे कष्टाचे असल्याने लोक नेमका हा काठ टाळतात.

(५) काठावरील झाडे : उंबर, जांभूळ यांसारख्या झाडांची फळे व त्यांवरील किडे पाण्यात पडत असतात. दुपारच्या उन्हात तेथे सावलीही मिळते.

(६) बुडालेले खोड, दगडांचा ढीग, घाटाच्या पायऱ्या : आसरा आणि शेवाळ दोन्ही तेथे असतात. ज्या घाटावर लोक मुरमुरे किंवा भाताचे शित टाकतात, तेथे माशांना येण्याची सवय जडते.

सांडव्यावरून पाणी वाहत असता त्यावर उभे राहू नये आणि मोरीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये. अशा ठिकाणी प्रवाहाच्या ओढीने माणूस वाहून जाण्याचे भय असते.

ऋतूप्रमाणे जागा बदलते. हिवाळ्यात पहाटेचे उथळ पाणी गार असल्याने मासे मंद असतात; ऊन चढल्यावर उथळ काठ तापू लागला की त्यांची हालचाल वाढते. उन्हाळ्यात उलट स्थिती असते. भर दुपारी उथळ पाणी असह्य होते, म्हणून सकाळ व संध्याकाळ योग्य. मरळ ओळखण्यास आणखी एक खूण उपयोगी पडते. ती विरघळलेल्या प्राणवायूवरच अवलंबून राहत नाही; तिला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. काठावर दहा-पंधरा मिनिटे निश्चल बसून पाहिल्यास तिचे वर येणे दिसते आणि जागा आपोआप कळते.

जागा मिळाली तरी ती राखावी लागते. हवेपेक्षा पाण्यात ध्वनी सुमारे साडेचार पट वेगाने जातो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर असलेली पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. काठावर पाय आपटत चालणे, होडीत वल्हे आदळणे, यांमुळे मासा दूर जातो. तसेच पाण्याखालून माशास बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूसारख्या झरोक्यातून दिसते. काठावर ताठ उभा असलेला माणूस या झरोक्यात सहज येतो. खाली बसलेला माणूस त्या मानाने कमी दिसतो. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

रंगाचे खरे स्थान

येथवर वाचून माशास रंग कळतच नाही असा कोणी समज करून घेईल, तर ती चूक होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी काही विद्वान मासे रंगांध असतात असे मानीत. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९१० नंतरच्या दशकात लहान माशांना विशिष्ट रंगावर खाद्य मिळण्याची सवय लावली आणि ते मासे तो रंग इतर रंगांतून ओळखून काढतात, हे प्रयोगाने दाखवून दिले. याच शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये शीळ घातल्यावर येणाऱ्या एका मिशावाल्या माशाविषयी लिहून मासे ऐकतात हेही सिद्ध केले. पुढे १९७३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. थोडक्यात, डोळ्याने रंग ओळखण्याची शक्ती अनेक माशांत आहे. प्रश्न असा की, तलावाच्या पाण्यात तो रंग माशापर्यंत पोहोचतो काय?

सूर्यप्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. पाणी ते सारखे शोषून घेत नाही. अगदी निर्मळ पाण्यातही लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो व ५ मीटर खोलीवर त्याचा फार थोडा अंश उरतो. निळा प्रकाश त्याहून पुष्कळ खोल जातो. त्यामुळे दुकानात तेजस्वी दिसणारे लाल आमिष खोल पाण्यात काळपट दिसू लागते. शेवाळी हिरव्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती निळा व लाल असे दोन्ही प्रकाश शोषून घेतात व हिरवा शिल्लक राहतो. मातीने गढूळ झालेल्या पावसाळी पाण्यात निळा लवकर नाहीसा होऊन पिवळसर-तांबूस उजेड उरतो. परंतु तेथे वीतभर अंतरापलीकडे काहीच दिसत नसल्याने कोणत्याही रंगाचा फारसा प्रभाव पडत नाही.

तात्पर्य, बाजारातील उजेडात दिसणारा रंग व पाण्याखालचा रंग हे भिन्न असतात. माशाला आमिष दिसण्यास रंगापेक्षा उठाव अधिक कारणीभूत होतो. वर उजळ आकाश असता खालून पाहणाऱ्या माशास काळे आमिष ठसठशीत दिसते. काळसर तळावर पांढरे आमिष उठून दिसते.

शिवाय सर्वच मासे डोळ्यांवर विसंबत नाहीत. शिंगाळ्यासारख्या माशांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. असा मासा अंधारात व चिखलात वासाने आणि स्पर्शाने अन्न शोधतो. त्याच्यासाठी ताजे गांडूळ अथवा झिंगा हेच खरे आमिष. त्यास रंगाची जोड देण्याची गरज नाही.

पाण्याची निर्मळता कशी मोजावी?

रंगाकडे लक्ष द्यावे की नाही हे ठरविण्यासाठी एक सोपे साधन गावातच करता येते. १८६५ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की याने समुद्राच्या पाण्याची निर्मळता पाहण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. त्याच धर्तीची तबकडी मत्स्यशेतीतही वापरतात. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घेऊन तिचे चार समान भाग करावेत व ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत. खाली दगड बांधावा, मध्यभागी दोरी बांधावी व दोरीवर दर १० सेंटिमीटरला गाठ मारावी. दुपारच्या सुमारास तबकडी हळूहळू पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी घ्यावी.

ही खोली वीतभर अथवा त्याहून कमी आल्यास रंगाचा विचार सोडून द्यावा. वास व जागा यांवर भर द्यावा. ती ३० ते ६० सेंटिमीटर असल्यास उठून दिसणारे गडद किंवा पांढरे आमिष पुरेसे होते. एक मीटरहून अधिक असल्यास मात्र शिकारी माशांसाठी आमिषाचा रंग, आकार व हालचाल यांकडे लक्ष द्यावे. मत्स्यसंवर्धनाच्या तळ्यात सामान्यतः ३० ते ४० सेंटिमीटर पारदर्शकता चांगली मानतात, म्हणजेच चांगल्या संवर्धन तळ्यात रंगाला दुय्यम स्थान आहे.

रंगाचे महत्त्व वाढते तेव्हा

पाणी निर्मळ आहे, मासा डोळ्याने शिकार करणारा आहे आणि तो आमिषाजवळ आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रंगाचे महत्त्व वाढते. मासा आमिषामागून येतो, पण तोंड न लावता परत फिरतो, असे डोळ्यांनी दिसत असेल तर जागा बरोबर आहे असे समजावे व मगच रंग, आकार किंवा ओढण्याचा वेग बदलून पाहावा. त्या पाण्यातील लहान मासे ज्या रंगाचे असतात, त्या रंगाच्या जवळचे आमिष प्रथम निवडावे.

शेततळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा अस्तराच्या तळ्यात जुना ओढा नसतो, खोडे नसतात, वनस्पतीही नसतात. तेथे ठिकाणाठिकाणांतील अंतर कमी होते. परंतु खोली, सावलीची बाजू व पाणी पडण्याची नळी यांचे महत्त्व तेथेही राहते. अस्तराचा काठ निसरडा असतो, म्हणून दोराचा आधार बांधल्यावाचून त्यावर उतरू नये.

गावातच करावयाची परीक्षा

खताची मात्रा ठरवताना शेतकरी दोन वाफे घेतो. जात, पाणी व मशागत सारखी ठेवून फक्त खत बदलतो. हीच रीत येथे लावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बहुतेकांची चूक अशी होते की, मासा लागेना म्हणून ते उठतात, दुसऱ्या जागी जातात आणि तेथे बसताना आमिषही बदलतात. मासा लागला की श्रेय हातातल्या नव्या आमिषाला मिळते. बदललेली जागा कोणी लक्षात घेत नाही.

परीक्षेसाठी दोन सारख्या काठ्या, सारखे गळ व सारखी दोरी घ्यावी. कणकेचा गोळा एकाच परातीत मळून त्याचे दोन भाग करावेत. एकात खाण्याचा पिवळा रंग मिसळावा, दुसरा तसाच पांढरा ठेवावा. रंगासाठी हळद वापरू नये, कारण हळदीने रंगाबरोबर वासही बदलतो आणि कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. दोन जागा निवडाव्यात : एक वर सांगितलेल्या खुणांवरून, दुसरी नेहमीच्या सोयीची. प्रत्येक जागी दोन्ही काठ्या पाच मीटर अंतरावर एक तास ठेवाव्यात व अर्ध्या तासाने त्यांची अदलाबदल करावी. पहिल्या दिवशी पहिल्या जागेपासून आरंभ केला असेल, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागेपासून करावा, म्हणजे वेळेचा फरक समान वाटला जाईल. असे दहा दिवस करून आमिषाला किती वेळा ओढ लागली ते वहीत लिहावे.

समजा, दहा दिवसांत पहिल्या जागी पिवळ्याला १७ व पांढऱ्याला १५ वेळा ओढ लागली. दुसऱ्या जागी पिवळ्याला ४ व पांढऱ्याला ५ वेळा. जागांची बेरीज ३२ व ९ होते. रंगांची बेरीज २१ व २०. येथे रंगाचा फरक नगण्य असून जागेचा फरक साडेतीन पटींचा आहे. उलटपक्षी, पहिल्या जागी पिवळ्याला १६ व पांढऱ्याला ६ आणि दुसऱ्या जागी पिवळ्याला ८ व पांढऱ्याला ३, असे आकडे आले तर जागांची बेरीज २२ व ११, तर रंगांची २४ व ९ होईल. मग त्या पाण्यात, त्या हंगामापुरते, रंगालाही मान दिला पाहिजे. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या तलावाचे आकडे आपल्या वहीतूनच यावेत. एका दिवशी मिळालेल्या एका मोठ्या माशावरून कधीही निष्कर्ष काढू नये.

ग्रामकार्यकर्त्याने ही परीक्षा स्वतः एकट्याने न करता गावातील दोन-चार शेतकऱ्यांना बरोबर घेऊन करावी. सल्ला देऊन निघून गेलेल्या कार्यकर्त्याचा सल्ला चुकला, तर पुढच्या वेळी त्याचे बियाण्याविषयीचे म्हणणेही कोणी ऐकत नाही. वहीतील आकडे मात्र सर्वांसमोर असतात.

तळे आटले असता करावयाचे काम

तलावाचे ज्ञान मिळविण्याची सर्वांत उत्तम वेळ मासेमारीची नसून वैशाखातली असते. दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य पाझर तलाव व गावतळी उन्हाळ्यात आटतात अथवा अगदी उथळ होतात. शेतकरी तेथून गाळ काढून शेतात नेतो. त्याच वेळी त्याने कोरड्या तळातून फिरून जुन्या ओढ्याची वळणे, डबरे, दगड, खोडे यांची जागा कागदावर मांडून ठेवावी. काठावरील एखादे झाड, देऊळ किंवा विहीर यांपासून ती किती पावलांवर आहे तेही लिहावे. पाणी भरल्यावर तोच कागद सर्व रंगीत आमिषांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. जे तलाव आटत नाहीत, त्यांत दोरीला दगड बांधून ठिकठिकाणची खोली मोजावी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजास आणि अन्यत्र भोई समाजास अशा जागा पाठ असतात. त्यांच्याजवळ नकाशा नसेल, पण तलाव त्यांच्या डोक्यात असतो. कार्यकर्त्याने प्रथम त्यांच्याकडे जावे, नम्रपणे विचारावे व जे कळेल ते लिहून घ्यावे.

परवानगी व संयम

चांगली जागा कळली म्हणजे तिचा उपयोग जबाबदारीने केला पाहिजे. पुष्कळ तलावांतील मासळीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. बोटुकली सोडण्याचा खर्च संस्थेने केलेला असतो. म्हणून तिच्या परवानगीवाचून गळ टाकू नये. पावसाळ्यात अंडी धरलेले मासे नव्या पाण्याच्या दिशेने जातात. तेथे जागा उत्तम असली तरी त्या दिवसांत गळ टाकणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळण्यासारखे होय. मरळीची पिल्ले तांबूस रंगाच्या थव्याने वर येताना दिसली, तर त्यांखाली राखण करणारे आईबाप असतात. ते पिल्लांच्या रक्षणासाठी आमिषावर धावून येतात व सहज सापडतात. परंतु ते गेले की सारा थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. असा थवा दिसताच गळ आवरून घ्यावा. लहान मासा लागल्यास ओल्या हाताने गळ काढून तो परत सोडावा. सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने गुन्हा ठरवले आहे, हेही सर्वांस सांगावे.

सारांश

प्रथम तलावात कोणते मासे आहेत ते विचारावे. नंतर ऋतू व वेळ पाहून ठिकाण आणि खोली ठरवावी. त्यानंतर माशाच्या आहाराप्रमाणे आमिष निवडावे. पाण्याची निर्मळता मोजावी आणि ती पुरेशी असेल तरच शेवटी रंगाचा विचार करावा. हा क्रम उलटा केल्यास खर्च वाढतो व मासळी वाढत नाही. दुकानात रंग विकत मिळतो. जागा मात्र पाहून, विचारून व लिहून ठेवूनच मिळवावी लागते. येत्या उन्हाळ्यात गाळाची गाडी भरताना शेतकरी बंधूंनी एक कागद व पेन्सिल बरोबर ठेवावी.